झग्याची मागची बाजू

थोरली किंचाळली तेव्हा पावणेनऊ झाले होते. अकराला नोंदणी कचेरीत तिचं लग्न लागायचं होतं.

आत्या जिन्यात होती, हातात पिनांचा डबा. डबा पायरीवर टाकून ती वर धावली. साठी उलटलेल्या बाईने जेवढं धावावं त्याहून जरा जास्तच धावली.

खोलीत थोरली आरशाकडे पाठ करून, मान वळवून उभी होती. अंगात आईचा झगा. मोतिया रेशमाचा, पायघोळ, बिनअस्तराचा. समोरून बघावं तर राणी. मागून बघावं तर कमरेखाली ताटाएवढं भगदाड, आणि त्याच्या आजूबाजूला कात्रीचे आणखी तीन लांब वार.

"कोणी केलं हे?" थोरली एवढंच म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या भांड्यांना पोचे पडले, चपला फाटल्या, फोटो पिवळा पडला. हा झगा तेवढा तसाच होता. या घरात झग्याबद्दल बोलतानासुद्धा माणसं आवाज खाली आणत.

खोलीत आणखी एक बाई होती. फोटोवाली. नवरीची सकाळची तयारी टिपायला तिला बोलावलं होतं. तिने कॅमेरा खाली घेतला. तेवढी अक्कल तिने दाखवली, नाहीतर हल्ली माणसं बुडणाऱ्याचासुद्धा आधी फोटो काढतात.

मामा जिना चढला तो ओरडतच. झगा त्याच्या बहिणीचा. मागची बाजू बघून त्याचा चेहरा लाल झाला.

"सकाळपासून या खोलीत कोण होतं?"

दारात धाकटी येऊन उभी होती. नवरीची लहान बहीण. ओठ पांढरे पडलेले. "या बाई होत्या," ती म्हणाली. "सातला आल्या. झग्याचे फोटो काढायचे म्हणून पाव तास एकट्याच होत्या."

"झालं तर!" मामाने फोटोवालीच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. "काल फोनवर हिचं आणि थोरलीचं वाजलं होतं. मी स्वतः ऐकलंय."

"वाजलं नाही दादा, बोलणं झालं," फोटोवाली म्हणाली. "त्या म्हणाल्या आठला या. मी म्हटलं, मग उजेडालाही तसं कळवा."

"उलट बोलण्याची हौस बघा हिची!" मामा पिशवी पलंगावर उपडी करत होता. दोन भिंगं, बॅटऱ्या, चिमटे, पिना. आणि एक कात्री.

मामाने ती उचलून सगळ्यांना दाखवली.

"पोलिसांना फोन लावा कोणीतरी," मामा म्हणाला.

फोटोवालीचा आवाज पहिल्यांदा हलला. "दादा, पोलीस नंतर. आधी ऐका. बायका मला बोलावतात त्या विश्वासावर. कपडे बदलायच्या खोलीत मी असते, दागिने माझ्यासमोर उघडे पडलेले असतात. एका लग्नात बोट उठलं की पुढच्या सगळ्या लग्नांची दारं बंद. मला दुसरं काही येत नाही."

आत्या इतका वेळ बोलली नव्हती. ती फोटोवालीच्या हातांकडे बघत होती.

या आत्याबद्दल एक सांगायला हवं. कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने गेटवर उभं राहून घरी जाणाऱ्या बायकांची झडती घेतली होती. रोज चारशे बायका. तिला लिहिता येई ते सहीपुरतं. पण कोणाच्या पोटाशी कापड आहे आणि कोणाच्या पोटात नुसती भूक आहे, हे ती दहा पावलांवरून ओळखायची. तिचा एकच नियम होता. तोंडाकडे बघायचं नाही. तोंड घरून पढून आलेलं असतं. हाताकडे बघायचं.

"मामा, फोन खिशात घाला," ती म्हणाली. "आत्ता पोलीस आले तर पोरीचं लग्न चौकीत लावावं लागेल. मला अर्धा तास द्या."

"ताई, तुम्ही काय करणार?"

"जे सव्वीस वर्षं केलं तेच." ती फोटोवालीकडे वळली. "बाई, हात वर करा."

फोटोवालीने निमूट हात वर केले. आत्याने खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपलं. मग पलंगाखाली वाकली, कपाट उघडलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, खिडकीतून खाली डोकावली.

"काय शोधताय?" थोरली डोळे पुसत म्हणाली.

"भोक दिसतंय सगळ्यांना," आत्या म्हणाली. "भोकातलं कापड कुठं गेलं?"

तिने फरशीवरून तळहात फिरवला.

"इथे फरशीवर दोरासुद्धा पडलेला नाही. रेशीम कापलं की धागे उडतात, मला कारखान्याने शिकवलंय. आणि ही कात्री बघा, पातं माझ्या करंगळीएवढं. ते वार हातभर लांब आहेत, एका दमात मारलेले. ही कात्री नव्हे. मोठी कात्री आहे या घरात?"

धाकटीने खाली बघितलं. "माझी आहे. शिवणयंत्राच्या खणात."

"खण कुठं?"

"खाली. दुकानाच्या मागच्या खोलीत. पण मी नाही केलं, आत्या."

थोरलीने बहिणीकडे बघितलं. ते बघणं चांगलं नव्हतं.

"आठवडाभर काय म्हणत होतीस?" ती हळू म्हणाली. "आईचा झगा तुलाच का, मी काय वाटेवर सापडले? म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. म्हणून काय कापेन? तो तुझ्या मापाचा मीच केलाय. रात्र रात्र बसून. कंबर किती वाढलीय तुझी, ते मला विचार."

"बाहेर चला सगळे," आत्या म्हणाली. "भांडणाला आयुष्य पडलंय."

*

खाली इस्त्रीचं दुकान होतं, वर घर. पोरींच्या बापाला सगळी गल्ली 'कडक' म्हणायची. कारण त्याची इस्त्री. त्याने घातलेल्या घडीवर भाजी चिरता येईल, असं लोक म्हणत. चाळीस वर्षं एकाच लाकडी टेबलाशी तो उभा होता. बायको गेली तेव्हा तीन दिवस दुकान बंद होतं, तेवढंच.

आत्या उतरली तेव्हा तो दुकानाच्या उंबऱ्यात रस्त्याकडे तोंड करून उभा होता. नवा कोट, दाढी ताजी.

"अरे कडक," आत्याने जिन्यातून हाक मारली.

तो हलला नाही.

"कडक!"

नाहीच. भावाला धक्का बसलाय, असं तिच्या मनात आलं. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"आक्का. पोरगी कशी आहे?"

"रडतेय. झगा तू कधी इस्त्री केलास?"

"काल संध्याकाळी. तुझ्यासमोरच तर."

"मग?"

"मग वर नेला. कपाटाच्या दाराला अडकवला, वरून धुवट कापड घातलं. त्यानंतर हात लावला नाही मी."

"रात्री त्या खोलीत कोण होतं?"

"कोणी नाही. पोरी तुझ्याजवळ वरच्या मागच्या खोलीत झोपल्या ना."

खरं होतं ते. आत्याने त्याच्या हातांकडे बघितलं. सवयच होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिकटपट्टी होती.

"हे काय लागलं?"

"धाकटीने मघाशी पेले फोडले ना सगळे. काचा उचलताना."

आत्याने मान हलवली. पेले तिच्यासमोरच फुटले होते. आठच्या सुमारास दारात सगळ्यांचा मिळून फोटो काढत होते. धाकटी मागून चहाचा ट्रे घेऊन आली आणि उंबऱ्याला अडखळली. काचांचा खच. कडकनेच वाकून त्या गोळा केल्या होत्या.

"पोलीस येणार का गं?" कडकने विचारलं.

"मामा म्हणतोय. त्या फोटोवालीला धरून देणार."

कडक वळला. मोकळ्या दुकानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लग्न पुढे नको जायला. दोनदा गेलंय."

तेही खरं होतं. एकदा कडकचा पाय मोडला म्हणून, एकदा त्याला निमोनिया झाला म्हणून. दोन्ही वेळा थोरलीनेच नवऱ्याकडे कळवलं होतं, बाबा बरे होईपर्यंत मी येत नाही. सासर आगगाडीने एक दिवस लांब. नवरा बिचारा दोन वर्षं थांबला. अशी माणसं आता कारखान्यात बनत नाहीत.

*

फोटोवाली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. पिशवी मामाच्या ताब्यात, कॅमेरा तेवढा तिच्या गळ्यात. तो तिने दोन्ही हातांनी धरला होता, जणू कोणी मूल काढून नेणार आहे.

आत्या शेजारी टेकली. "काढलेले सगळे दाखव. पहिल्यापासून. चांगले निवडून नकोत."

"यात वेळही दिसते, मावशी. बघा. पहिला सात वाजून पाच मिनिटं."

पहिल्या दोन फोटोंत नुसती खिडकी. तिसऱ्यात झगा. खिडकीच्या गजाला हँगर अडकवलेला, पाठ उजेडाकडे, पुढची बाजू कॅमेऱ्याकडे. कोपऱ्यातून एक हात आत आलेला, बाही सरळ करणारा. मनगटात धाग्याचं निळं कडं.

"हा धाकटीचा हात," आत्या म्हणाली.

"हो. तिनेच वरून कापड काढलं आणि गजाला अडकवू लागली. मग खाली गेली."

"तुम्ही दोघींनी मागची बाजू बघितली नाही?"

"मावशी, खरं सांगू? आमच्या धंद्यात मागची बाजू कोणी बघतच नाही. सैल कपडा असला तर मागून चिमटे लावतो, फाटका असला तर पिन मारतो. फोटो समोरून सुंदर आला की झालं. हँगर समोरून उचलला, समोरूनच अडकवला."

"आणि हे मध्ये पांढरं काय?"

झग्याच्या खालच्या भागात एक उजळ ठिगळ होतं. बाकी रेशीम सायीसारखं, तेवढीच जागा लख्ख.

"त्यानेच तर वैताग आला. वाटलं समोरच्या घराच्या काचेवरून उजेड पडतोय. सरकून दहा वेळा काढलं, ते जाईना." फोटोवाली बोलता बोलता थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. "मावशी, बाकी ठिकाणी उजेड दोन पदरांतून येतोय. इथे एकाच पदरातून."

"म्हणजे मागचं कापड तेव्हाच नव्हतं. धाकटीचा हात अजून बाहीवर असताना."

फोटोवालीने डोळे मिटले. असा श्वास सोडला की जिन्याला ऐकू गेला असेल.

"तू सुटलीस," आत्या म्हणाली. "पण माझी भाची अडकली. सातच्या आधी घरात आम्हीच होतो. पुढचे दाखव."

झग्याचाच आणखी एक, जवळून. रेशीम कोऱ्या कागदासारखं, एक सुरकुती नाही. आत्या त्यावर बराच वेळ थांबली.

मग सात चाळीसचे. स्वयंपाकघरात बापलेकीचे हात. बापाच्या हातावर लेकीचा हात ठेवून नुसते हातच टिपलेले. हे मात्र आत्याने फोटोवालीपेक्षाही बारकाईने बघितलं.

"हात बरे काढतेस," ती म्हणाली.

"चेहरे सगळेच काढतात, मावशी."

पुढे आठ दहाचा, दारातला. त्यानंतरचा एकदम सव्वाआठचा.

"मधे काही नाही? पेले फुटले तेव्हाचा?"

"तो वाया गेला. पुसणार होते. सगळ्यांनी माना वळवल्या."

"पुसू नकोस. गेटवर मी आधी कचऱ्याची टोपली तपासायचे. दाखव."

वाया गेलेला फोटो उघडला. मामाचं तोंड उघडं, मान मागे. थोरलीचे हात कानांवर. आत्या स्वतः अर्धी वळलेली, ध्यान दिसत होती. सगळ्यांच्या मधोमध कडक. कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, जसं सांगितलं होतं तसा. कोटाचा डावा खिसा मात्र जरा फुगलेला.

आत्याने कॅमेरा परत दिला. ती उठली आणि पुन्हा खाली बसली.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. गेटवर कधी कधी ओळखीचीच बाई सापडायची. मग दिवसभर जेवण जायचं नाही."

*

नऊ वीसला तिने सगळ्यांना दुकानात बोलावलं. इस्त्रीच्या टेबलावर झगा पसरला, भगदाड वर करून. थोरली घरातल्या कपड्यांत, नुसते केस तेवढे बांधलेले. धाकटी भिंतीला टेकून. मामा पिशवी बगलेत धरून. फोटोवाली दाराशी. कडक टेबलाच्या पलीकडे, नेहमीच्या जागी.

"फोटोवालीने कापलं नाही," आत्या म्हणाली आणि तो उजळ ठिगळाचा फोटो मामाच्या नाकासमोर धरला. समजावून सांगायला तीन मिनिटं लागली, मामा होता म्हणून.

"मग धाकटी!" मामा म्हणाला. "कात्री हिची, मत्सर हिचा."

धाकटी रडू लागली. आवाज न करता.

"मामा, तुम्हाला दर घटकेला एक चोर लागतो का? मी विचारते त्याची उत्तरं द्या. कोणावर राग असला, त्याचा कपडा फाडला, तर चिंध्यांचं काय करता?"

"टाकतो. काय करणार?"

"बरोबर. सूड घेणारा चिंध्या तोंडावर टाकून जातो. इथे तुकडा नेला. का नेला? तुकड्यावर असं काहीतरी होतं जे दिसायला नको होतं. कापायचा होता तो झगा नव्हे, त्यावरचा एक डाग. बाकीचे तीन वार नुसते देखावा. थोरले, आता तू सांग. रात्री झगा घातला होतास?"

थोरली चपापली. "तुला कसं..."

"घातला होतास की नाही?"

"त्यांना दाखवायला. फोनवर. आईचा म्हणून त्यांना बघायचा होता. तासभर घालून बसले होते पलंगावर."

"मग?"

"मग काढून अडकवला. खूप चुरगळला होता, आत्या. सकाळी बाबांना सांगणार होते. पण सकाळी बघते तर नीट. म्हटलं रेशीम आहे, लोंबून सरळ झालं असेल."

"तासभर बसलेलं रेशीम लोंबून सरळ होत असतं तर तुझ्या बापाने चाळीस वर्षं काय माशा मारल्या? सात वाजता तो कागदासारखा होता. म्हणजे रात्रीनंतर आणि सातच्या आधी कोणीतरी पुन्हा इस्त्री केली. या घरात चुरगळलेला कपडा बघून कोणाचा हात शिवशिवतो?"

सगळ्यांच्या माना टेबलापलीकडे वळल्या. कडक टेबलाची कड धरून उभा होता.

"आक्का, काहीतरी काय," तो म्हणाला. "मी माझ्या पोरीचा झगा कापेन?"

"बोटाला काय लागलंय?"

"सांगितलं ना. काच."

"पेले आठनंतर फुटले. फोटोवाली, हातांचा फोटो किती वाजताचा?"

"सात चाळीस."

"त्यात ही पट्टी आहे. काच फुटायच्या अर्धा तास आधी काच लागली तुला?"

कडकने बोट मुठीत लपवलं.

आत्या टेबलाला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेली. तिथून, रोज बोलते त्याच आवाजात म्हणाली, "कडक, तुझ्या कॉलरवर पाल आहे."

थोरली दोन पावलं मागे सरली. मामाने पिशवी छातीशी धरली. धाकटी रडायचं विसरली.

कडक तसाच उभा. समोरचे चेहरे का बदलले ते त्याला कळेना. तो एकेकाकडे बघत राहिला.

"बाबा," थोरली म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा!"

"वाया गेलेल्या फोटोत सगळे वळलेत," आत्या म्हणाली. ती पुन्हा त्याच्या समोर आली होती, आणि आता प्रत्येक शब्द त्याच्या तोंडासमोर बोलत होती. "कानाशी वीस पेले फुटले आणि तू हसत उभा. इस्त्रीवरच्या आकड्यांवर तुझा कधी विश्वास नाही. ओलं बोट टेकवायचं आणि आवाज ऐकायचा. रेशमाला केवढा, सुताला केवढा, हे तुझ्या कानात. तो आवाज बारीक असतो. कधीपासून येत नाही ऐकू?"

कडकने टेबलाची कड सोडली.

"आज पहाटे येत नव्हता म्हणून तू बोट जास्त वेळ ठेवलंस. चाळीस वर्षांत भाजलं नाही ते भाजलं. तरी कळलं नाही, आणि इस्त्री रेशमावर ठेवलीस."

"ताई, हे सगळं बोलणं झालं," मामा म्हणाला, पण आवाज खाली. "पुरावा?"

आत्याने भावाकडे बघितलं.

"बाळ," ती म्हणाली. लहानपणानंतर तिने त्याला असं म्हटलं नव्हतं. "हात वर कर."

आणि कडकने हात वर केले.

तिने त्याचे खांदे चाचपले, बगला चाचपल्या, सव्वीस वर्षं चाचपल्या तशा. कोटाच्या डाव्या खिशात हात घातला. ज्या माणसाने आयुष्यात खिशात रुमालसुद्धा फुगू दिला नाही, त्याच्या खिशातून रेशमाची घडी निघाली. चौकोनी. काठाला काठ. धारदार.

तिने ती टेबलावर उलगडली. मोतिया रेशमावर इस्त्रीचा तळ उमटला होता, टोकापासून बुडापर्यंत. तांबूस तपकिरी.

"टाकवलं नाही," कडक म्हणाला. "तिचं कापड होतं."

मग तो स्वतःच बोलू लागला. उजवा कान गेल्या वर्षीच गेला होता. डावाही आता गेल्यातच जमा होता. समोरच्याच्या ओठांवरून तो निभावून न्यायचा. "थोरलीला कळलं असतं तर तिसऱ्यांदा लग्न पुढे. मग तो पोरगा थांबला नसता. डाग बघून एका क्षणात कळलं असतं सगळ्यांना. कडकच्या हातून कपडा जळला? कसा जळला? म्हणून कापला. म्हटलं कोणीतरी चोरट्याने, कोणीतरी वाईट माणसाने..."

"कोणीतरी म्हणजे ही," आत्याने दाराकडे बोट केलं. "ती पायरीवर पोलिसांची वाट बघत बसली होती तेव्हा तू इथे उभा होतास. नंतर या पोरीवर आलं तेव्हाही तू उभाच." धाकटीचा दंड धरून तिने तिला पुढे केलं. "झगा जाळलास त्याला मी चूक म्हणते. कान गेले त्याला नशीब म्हणते. या गप्प बसण्याला काय म्हणू, तूच सांग."

कडक टेबलामागून बाहेर आला, फोटोवालीसमोर गेला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "मी केलं. बाई, तुमचं नाव मी जाऊ देत होतो. मला माफ करा म्हणायलाही तोंड नाही."

फोटोवालीने लगेच उत्तर दिलं नाही. तेही बरोबरच होतं. घाईने दिलेली माफी आणि घाईने घातलेली शिवण, दोन्ही उसवतात.

"तुमच्या पोरीचे फोटो मी काढेन," ती शेवटी म्हणाली. "माफीचं नंतर बघू. आणि माझी पिशवी."

मामाने पिशवी पुढे केली.

"माझ्या हातात नको," फोटोवाली म्हणाली. "आज दिवसभर तुम्हीच धरा. मी मागेन तेव्हा भिंग द्यायचं. सगळ्यांनी बघू दे कोणाची पिशवी कोणाकडे आहे ते."

मामाने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं. मामाने पिशवी खांद्याला लावली.

थोरली बापासमोर येऊन उभी राहिली होती. "मी जात नाही," ती म्हणाली. "कळवते त्यांना. कान दाखवू, औषध करू, मग बघू."

कडकने हे बरोबर वाचलं. त्याचा चेहरा पडला. याचसाठी तर सगळं केलं होतं.

"जात नाही कशी?" धाकटी पुढे आली. नाक लाल, आवाज घोगरा. "मी काय वाटेवर सापडले? मी आहे ना इथे. डॉक्टरकडे मी नेईन. तुलाच कान आहेत का एकटीला?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं. मघाचं बघणं पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बघितलं. मग टेबलावरचा जळका तुकडा उचलून तिच्या हातात दिला.

"हाच लाव परत."

"हा? डाग दिसेल. मी दुसरं पांढरं कापड..."

"दिसू दे. आईचं कापड, बाबांचा डाग. तू शीव."

पावणेदहा झाले होते. धाकटीचं यंत्र खडखडू लागलं. कडेचे वार तिने बारीक टाक्यांनी मिटवले, तुकडा मधोमध बसवला. दहा पाचला झगा पुन्हा टेबलावर आला. शिवणी फुगल्या होत्या. त्यांना इस्त्री हवी होती.

इस्त्री तापत ठेवलेली. कडक जवळ जाईना. हात कोटाला पुसत राहिला.

"चला बाबा," धाकटी म्हणाली. ती टेबलाच्या पलीकडे, त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि कान इस्त्रीपाशी नेला. "टेकवा बोट."

त्याने डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि तळाला निमिषभर टेकवलं.

"जास्त आहे," ती म्हणाली, ओठ नीट उघडून. "थांबा."

कडक थांबला. त्याच्या दुकानात चाळीस वर्षांत त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

मागे फोटोवाली खुर्चीवर चढली होती. "मामा, मोठं भिंग," ती हळूच म्हणाली, आणि मामाने दिलं. तिथून तिला चेहरा कोणाचाच दिसत नव्हता. बापाची पाठ, लेकीचा कललेला कान, आणि दोघांच्या मधे पसरलेली झग्याची मागची बाजू.

"आता?" कडकने विचारलं.

"अजून थोडं, बाबा."

तो थांबला.